मांडीतील नसेची गाठ: स्कॅनवरून साधी की कर्करोगाची, हे कसे ठरते

प्रश्न: यावल तालुक्यातील एका शिक्षिकेने आपल्या २४ वर्षांच्या भाच्याविषयी विचारले आहे. त्याच्या अंगावर लहानपणापासून कॉफीच्या रंगाचे डाग आणि त्वचेखाली बारीक मऊ गाठी आहेत. उजव्या मांडीच्या मागच्या बाजूची एक गाठ अनेक वर्षे तशीच होती. गेल्या चार महिन्यांत ती वाढली, कडक झाली आणि रात्री दुखू लागली. जळगावला केलेल्या एमआरआयच्या अहवालात ‘सायटिक नसेवरील ७ सेंटिमीटरची गाठ, बहुधा न्यूरोफायब्रोमा, कर्करोगात रूपांतर झाल्याची शक्यता नाकारता येत नाही, पेट स्कॅन व बायोप्सी करावी’ असे लिहिले आहे. एमआरआयवर कर्करोग स्पष्ट का दिसत नाही, पेट स्कॅनने तरी पक्के कळेल का, बायोप्सीसाठी, म्हणजे गाठीचा तुकडा तपासायला काढण्यासाठी, सुई घातल्याने रोग पसरतो का, आणि ‘गाठ इथेच काढून टाकू, मग तुकडा तपासायला पाठवू’ असे एका डॉक्टरांनी सुचवले आहे ते करावे का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

उत्तर:

चौथ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीच्या तिन्ही प्रश्नांना वेळ आहे आणि याला नाही. तपास पूर्ण होईपर्यंत ही गाठ कोणालाही काढू देऊ नका. गाठ साधी निघाली, तर घाईने काढताना पायाची मुख्य नस विनाकारण दुखावलेली असेल. ती कर्करोगाची निघाली, तर अर्धवट कापलेल्या गाठीच्या पेशी आजूबाजूच्या स्नायूंत पसरलेल्या असतील आणि पुढच्या शल्यचिकित्सकाला पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा भाग काढावा लागेल. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांत मला सर्वात जास्त वाईट वाटते ते याच प्रकाराचे: ‘चरबीची गाठ’ समजून जागा बधिर करून काढलेली, तुकडा प्रयोगशाळेत न पाठवलेली, आणि सहा महिन्यांनी त्याच जखमेत दुप्पट होऊन परत आलेली गाठ. त्या वेळी काढलेला एमआरआय वाचणेही अवघड होते, कारण शस्त्रक्रियेचा व्रण आणि सूज यांत गाठीची मूळ सीमा हरवून गेलेली असते.

आता मूळ विषयाकडे येतो. नसेच्या आवरणातून उगवणाऱ्या गाठी मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. श्वानोमा ही गाठ नसेच्या एका बाजूला वाढते, तिला स्वतःचे आवरण असते आणि अनुभवी शल्यचिकित्सक बहुतेक वेळा नस राखून ती सोलून काढू शकतो. न्यूरोफायब्रोमा मात्र नसेच्या धाग्यांमध्येच शिरून वाढतो. सुती दोरी भिजून मधेच फुगावी, तशी नस फुगते आणि गाठ कुठे संपते व नस कुठे सुरू होते हे वेगळे करता येत नाही. एकाच नसेच्या अनेक शाखांमधून तो पसरला, तर त्याला प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा म्हणतात. या दोन्ही साध्या गाठी होत. तिसरा प्रकार कर्करोगाचा, म्हणजे नसेच्या आवरणाचा सार्कोमा. तो दुर्मिळ आहे, पण त्याच्या साधारण निम्म्या रुग्णांना आधीपासून न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ हा आनुवंशिक आजार असतो, आणि आपण केलेल्या वर्णनावरून आपल्या भाच्याला तोच आजार असण्याची शक्यता दाट आहे.

या आजाराचे सविस्तर वर्णन जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ साली केले. सतराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात बिघाड झाल्याने तो होतो आणि जन्मणाऱ्या सुमारे ३००० बाळांपैकी एकाला तो असतो. कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग (प्रौढ व्यक्तीत प्रत्येक डाग दीड सेंटिमीटरपेक्षा मोठा), काखेत व जांघेत बारीक ठिपके, बुबुळावरचे छोटे उंचवटे आणि नसांवरच्या गाठी ही त्याची ओळख आहे. जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या घरात आधी कोणालाही तो नसतो, म्हणून ‘आमच्या घराण्यात असे कोणाला नाही’ या उत्तरावर तपास थांबवू नये. या रुग्णांमध्ये आयुष्यभरात नसेचा सार्कोमा होण्याची शक्यता साधारण ८ ते १३ टक्के मानली जाते, आणि तो बहुधा विशी ते पस्तिशीच्या वयात, आधीपासून असलेल्या प्लेक्सिफॉर्म गाठीच्या आतच सुरू होतो. म्हणजे दहापैकी जवळजवळ नऊ जणांना तो कधीच होत नाही. तरीही चार महिन्यांत बदललेली गाठ या नऊ जणांच्या हिशेबात धरून स्वस्थ बसता येत नाही.

रुग्णाच्या तोंडून जे ऐकायला मिळते त्याला कोणत्याही यंत्राइतकेच मोल आहे, असे माझे ठाम मत आहे. चार गोष्टी मी प्रत्येकाला विचारतो: दुखणे सतत आहे का आणि झोपेतून उठवते का, गाठ गेल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वाढली का, पूर्वी मऊ असलेली गाठ कडक लागते का, आणि हातापायाची ताकद किंवा संवेदना कमी झाली का. ‘रातले भलतं दुखस, झोप लागत नही’ असे एखादा रुग्ण सांगतो, तेव्हा मी त्याचा एमआरआय वेगळ्या नजरेने पाहतो. साधी गाठ दाबल्यावर झिणझिण्या आणते आणि आडवी हलते, नसेच्या लांबीच्या दिशेने हलत नाही; ती दुखतेसुद्धा, पण सहसा धक्का लागला किंवा दाब आला तर. आपल्या भाच्यात या चारपैकी तीन गोष्टी घडलेल्या आहेत. ताकदीविषयी आपण काही लिहिलेले नाही. त्याला टाचांवर चालून दाखवायला सांगा आणि उजवे पाऊल वर राहते का ते आजच पाहा.

आता एमआरआयविषयी. गाठ नसेची आहे की नाही, हे तो फार चांगले सांगतो. दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली गाठ, वरच्या टोकातून आत शिरणारी आणि खालच्या टोकातून बाहेर पडणारी नस, आणि गाठीभोवती चरबीची पातळ कड एवढे दिसले की निदान जवळजवळ पक्के होते. साधी की कर्करोगाची, हा प्रश्न त्यापुढचा आहे आणि तिथे एकही खूण एकटी पुरेशी नसते.

साध्या गाठीच्या बाजूने सर्वात विश्वासाची खूण म्हणजे एमआरआयच्या टी२ चित्रावर (ज्यात पाणी पांढरे दिसते) दिसणारे लक्ष्यचिन्ह: मध्यभाग काळपट आणि भोवतीचे कडे पांढरेशुभ्र. न्यूरोफायब्रोमाच्या मध्यभागी दाट तंतुमय ऊतक असते आणि कडेला पाणी धरून ठेवणारे सैल ऊतक असते, म्हणून हे चित्र उमटते. प्लेक्सिफॉर्म गाठीत अशी अनेक लक्ष्यचिन्हे शेजारी शेजारी दिसतात. कर्करोगात पेशी बेशिस्त वाढतात, ही रचना मोडते आणि चिन्ह पुसले जाते. म्हणून मोठ्या प्लेक्सिफॉर्म गाठीचा एमआरआय वाचताना मी संपूर्ण गाठ कशी दिसते यापेक्षा, सगळीकडे लक्ष्यचिन्हे असताना एखादाच गोळा त्यांच्यावाचून, वेगळा आणि एकजिनसी किंवा विस्कळीत दिसतो का, हे शोधतो. असा स्वतंत्र गोळा ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल, तर तो पूर्ण कर्करोग नसला तरी साधा राहिला आहे असेही म्हणवत नाही. साधेपणा आणि कर्करोग यांच्या मधल्या या पायरीला २०१७ साली तज्ज्ञांनी एकत्र येऊन स्वतंत्र नाव दिले, आणि अशा गोळ्यांत पेशींच्या वाढीला लगाम घालणारे एक जनुक अनेकदा हरवलेले आढळते. ही पायरी वेळीच ओळखून गोळा काढला, तर पुढचा सार्कोमा टाळता येण्याची आशा असते; म्हणूनच हा शोध इतका मोलाचा आहे.

कर्करोगाच्या बाजूच्या खुणा अशा: गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असणे, कॉन्ट्रास्टचे (चित्रात ऊतक उजळवणाऱ्या औषधाचे) इंजेक्शन दिल्यावर गाठीची कड उजळणे आणि मध्यभाग न उजळणे, गाठीबाहेरच्या स्नायूंत सूज दिसणे, गाठीच्या आत रक्त साचल्याच्या किंवा ऊतक मृत झाल्याच्या पोकळ्या असणे, चरबीची कड नाहीशी होणे आणि सीमा धूसर होणे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात आकार, कडेचे उजळणे, भोवतालची सूज आणि आतल्या पोकळ्या या चार खुणा तपासल्या गेल्या. त्यांपैकी दोन किंवा अधिक असतील तर कर्करोग समजावा, असा नियम लावल्यावर साध्या गाठींपैकी ९० टक्के बरोबर ओळखल्या गेल्या, पण कर्करोगाच्या गाठींपैकी फक्त ६१ टक्के. म्हणजे या चार खुणांवरच विसंबून राहिलो, तर कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांपैकी एकोणचाळीस जणांना आपण ‘काही नाही, घरी जा’ असे सांगून बसू. आपल्या अहवालातील ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य या आकड्यांतून आले आहे. ते लिहिणाऱ्या डॉक्टरांनी जबाबदारी टाळलेली नाही. त्यांनी वरच्या खुणांपैकी कोणत्या दिसल्या आणि कोणत्या दिसल्या नाहीत हे लिहिले आहे का, हे मात्र पाहा. तसे लिहिले नसेल, तर त्यांच्याकडे पुरवणी अहवाल मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

याच खुणा उलट दिशेनेही फसवतात. जुनी झालेली श्वानोमा गाठ वर्षानुवर्षे वाढून आत पोकळ होते, तिच्यात रक्तस्राव होतो, कधी चुन्यासारखे कण साचतात, आणि कॉन्ट्रास्टनंतर तिची कडच उजळते. पाहणाऱ्याला ती कर्करोगाचीच वाटावी, पण असते पूर्णपणे साधी. आजूबाजूची सूजही नेहमी रोगाचीच असते असे नाही. गाठ चोळली, तेल लावून रगडली, गरम विटेने शेकली किंवा नुकतीच तिच्यात सुई घातली असेल, तरी स्नायूंत पाणी दिसते. म्हणून दुखणाऱ्या गाठीची मालीश करू नये, आणि एमआरआय नेहमी सुईच्या आधी करावा.

गेल्या काही वर्षांत एमआरआयच्या खोलीतच एक उपयोगी साधन हाताशी आले आहे. डिफ्युजन नावाच्या चित्रमालिकेत ऊतकातील पाण्याचे कण किती मोकळेपणाने हलतात हे मोजले जाते. कर्करोगात पेशी दाटीवाटीने असतात, त्यामुळे पाण्याची हालचाल अडते आणि एडीसी नावाचे मूल्य खाली येते. गाठीच्या घन भागात हे मूल्य सेकंदाला सुमारे ०.००१ चौरस मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर संशय वाढतो; त्याहून बरेच जास्त असेल तर धीर येतो. हे मोजमाप पोकळी किंवा रक्त साचलेली जागा टाळून घेतले पाहिजे, नाहीतर आकडा निरर्थक ठरतो. या मालिकेला काही मिनिटेच जास्त लागतात आणि वेगळे इंजेक्शन लागत नाही, त्यामुळे नसेच्या गाठीचा एमआरआय तिच्याशिवाय करू नये असे मला वाटते. कॉन्ट्रास्टसाठी मात्र आधी रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे, कारण मूत्रपिंडे फार कमकुवत असतील तर ते देताना विचार करावा लागतो. आपल्या खान्देशात तपासणीच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘उजव्या मांडीत गाठ’ एवढेच लिहिलेले असते. आपण स्वतः तंत्रज्ञाला ‘अंगावर डाग आहेत, अशा गाठी अनेक आहेत, ही एक अलीकडे वाढली आहे’ असे सांगितले, तर योग्य मालिका निवडल्या जातात.

सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित पुरावा म्हणजे जुना स्कॅन. तीन वर्षांपूर्वीची सीडी घरात कुठे पडली असेल, तर आजची गाठ तिच्याशी ताडून पाहता येते, आणि वाढीचा वेग एका स्कॅनमधून कधीच कळत नाही. प्लेक्सिफॉर्म गाठीचे घनफळ वर्षभरात २० टक्क्यांहून अधिक वाढले, तर ती वाढ खरी मानली जाते. लहान मुलांत साध्या गाठीही वेगाने वाढतात, पण वाढ थांबल्यानंतरच्या वयात एकच गाठ बाकीच्यांना मागे टाकून वाढू लागली की ते गंभीर असते. फिल्मवर हे मोजता येत नाही; सीडीच लागते. म्हणून फिल्म मिळाली तरी सीडी मागून घ्या, आणि पुढचा एमआरआय शक्यतो त्याच यंत्रावर करा. आपल्या भाच्याचा पूर्वी कधी, कोणत्याही कारणाने, कमरेचा किंवा मांडीचा एमआरआय झाला असेल तर तो नक्की शोधा.

सोनोग्राफीचा उपयोग सुरुवातीला होतो. गाठ नसेला जोडलेली आहे की वेगळी, घन आहे की पाण्याची, एवढे ती चांगले सांगते; साधी की कर्करोगाची हे ती ठरवू शकत नाही. पण आपल्या भागात सोनोग्राफी करणाऱ्याच्या मनात एक शक्यता कायम असायला हवी. धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या सातपुड्याकडील गावांत कुष्ठरोगाचे रुग्ण आजही आढळतात, आणि कुष्ठरोगात कोपराच्या आतल्या बाजूची, गुडघ्याबाहेरची, घोट्याजवळची किंवा मानेच्या बाजूची नस जाड होते. कधी तिच्यात पू साचून अशी गोल गाठ बनते की एमआरआयवर ती नसेचा ट्यूमर वाटावी. अशा रुग्णाच्या अंगावरचे चट्टे गडद नसतात, ते फिकट असतात आणि त्यांवर स्पर्श कळत नाही. नस लांबवर जाडसर असते, आणि आजार भडकलेला असेल तर डॉप्लरवर तिच्यात रक्तप्रवाह वाढलेला दिसतो. हे ओळखले, तर शस्त्रक्रियेऐवजी सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारे बहुविध औषधोपचार आणि सुजेवरचे उपचार यांचा विचार आधी होतो आणि हाताची बोटे वाचतात. आपल्या भाच्याच्या बाबतीत डाग कॉफीच्या रंगाचे आहेत आणि गाठ मांडीत खोलवर आहे, त्यामुळे ही शक्यता कमी आहे. तरीही डागांवर कापसाने स्पर्श करून पाहायला काहीच खर्च नाही.

सीटी स्कॅनवर मांडीतील गाठीचे बारकावे दिसत नाहीत. मणक्याजवळच्या गाठीत मात्र त्याने हाड कळते: साधी गाठ हळूहळू वाढत हाडाला गुळगुळीत खळगा पाडते आणि नस बाहेर पडण्याचे छिद्र रुंद करते, तर कर्करोग हाड खातो. कर्करोग निघाला तर छातीचा सीटी आवश्यक असतो, कारण हा सार्कोमा सर्वात जास्त वेळा फुप्फुसांत पसरतो.

पेट स्कॅनविषयी आपला प्रश्न मोलाचा आहे. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात आणि कोणता भाग ती जास्त खातो हे पाहतात. सार्कोमाच्या पेशी साखर अधिक खातात. शोषणाचे माप एसयूव्ही या आकड्याने सांगतात. न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या रुग्णांवर लंडनमधील तज्ज्ञांनी केलेल्या कामातून आलेला ढोबळ हिशेब असा की कमाल एसयूव्ही २.५ पेक्षा कमी असेल तर गाठ बहुधा साधी, ३.५ किंवा अधिक असेल तर कर्करोगाचा दाट संशय, आणि मधल्या आकड्यांना रुग्णाच्या लक्षणांशी जोडून पाहावे. त्यांनी इंजेक्शननंतर ४ तासांनी दुसऱ्यांदा चित्रे घेतली होती, कारण कर्करोगाच्या गाठीतले शोषण वेळेबरोबर वाढत जाते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एकच स्कॅन, सुमारे तासाभराने, होतो. शिवाय हा आकडा यंत्र, रक्तातील साखर आणि वाट पाहण्याचा वेळ यांनुसार बदलतो, म्हणून मी निव्वळ आकड्यापेक्षा गाठीची तुलना त्याच रुग्णाच्या यकृताशी करतो. गाठ यकृताच्या दीडपट किंवा अधिक साखर खात असेल, तर ती मला खटकते.

पेट स्कॅनची खरी ताकद ‘नाही’ म्हणण्यात आहे. गाठ थंड दिसली, तर तिथे मोठा कर्करोग असण्याची शक्यता फारच कमी होते आणि पुष्कळ जणांची शस्त्रक्रिया टळते. ‘हो’ म्हणण्यात तो तितका भरवशाचा नाही. श्वानोमा पूर्णपणे साधी असूनही कधी कधी एवढी साखर खाते की एसयूव्ही ३.५ च्या बराच वर जातो, आणि वर सांगितलेली साधेपणा व कर्करोग यांच्या मधली पायरीही उजळते. म्हणून केवळ पेट स्कॅन उजळला या कारणावरून कोणाचाही पाय किंवा नस कापण्याचा निर्णय घेऊ नये. तो उजळला तर पुढची सुई नेमकी कुठे घालायची हे कळते, आणि माझ्या मते त्याचा सर्वात मोठा फायदा तोच आहे.

या फ्लोरिनचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे असल्यामुळे तो साठवून ठेवता येत नाही, रोज ताजा आणावा लागतो. म्हणून आपल्याकडचे अनेक रुग्ण या तपासणीसाठी नाशिकला किंवा मुंबईला जातात. जाण्यापूर्वी केंद्राला फोन करून किती तास उपाशी राहायचे (बहुधा ४ ते ६ तास, साधे पाणी चालते) आणि मधुमेह असल्यास औषधे कशी घ्यायची ते विचारा. पहाटेच्या गाडीने जाताना स्टेशनवरचा गोड चहा घेतला, तर स्कॅनची गुणवत्ता घसरते किंवा तो पुढेच ढकलला जातो. आदल्या दिवशी शेतात किंवा व्यायामशाळेत अंगमेहनत नको, कारण थकलेले स्नायूही साखर ओढतात आणि मांडीतली गाठ वाचणे कठीण होते. पेटमध्ये किरणोत्सर्ग असतो आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिस असलेल्यांनी तो विनाकारण वारंवार घेऊ नये; त्यामुळे दरवर्षी सहज म्हणून पेट करण्याला माझा विरोध आहे. लक्षणे नसलेल्या रुग्णासाठी किशोरवयाच्या अखेरीस एकदा संपूर्ण शरीराचा एमआरआय करून अंतर्गत गाठींचा नकाशा तयार ठेवावा, असे आता अनेक तज्ज्ञ सुचवतात, आणि ते मला पटते.

आता सुईचा प्रश्न. ‘गाठीला लोखंड लागले की ती पसरते’ ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे आणि तिच्यामुळे अनेकांनी मोलाचे महिने घालवलेले आहेत. चुकीच्या जागेतून, चुकीच्या दिशेने सुई घातली तर नुकसान होते, हे खरे आहे. म्हणूनच बायोप्सी कुठून करायची हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यचिकित्सकाने ठरवावे लागते, म्हणजे सुईचा मार्ग अंतिम शस्त्रक्रियेच्या छेदाच्या रेषेतच येतो आणि गाठीबरोबर काढून टाकता येतो. अशा रीतीने केलेल्या बायोप्सीने रोग पसरण्याची भीती अत्यल्प असते, आणि तिच्याशिवाय योग्य उपचार ठरतच नाहीत. बारीक सुईने पेशी ओढण्याची एफएनएसी इथे पुरत नाही. ऊतकाचा सलग तुकडा देणारी जाड सुई लागते, आणि ती सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने, पेट व एमआरआयने दाखवलेल्या सर्वात संशयास्पद भागात घालावी लागते. प्लेक्सिफॉर्म गाठीच्या साध्या भागातून तुकडा घेतला आणि अहवाल ‘न्यूरोफायब्रोमा’ असा आला, तर शेजारचा कर्करोग तसाच राहतो. तुकडा नसांच्या व सार्कोमाच्या गाठींचा अनुभव असलेल्या विकृतिशास्त्रज्ञाने पाहावा. ते एस-१००, सॉक्स-१० आणि एच-थ्री-के-२७-मी-थ्री अशा विशेष रंजक चाचण्यांनी खात्री करतात. तुकड्याचे मेणाचे ठोकळे प्रयोगशाळेतून मागून सांभाळा, कारण दुसरे मत घेताना तेच लागतात.

आपल्या भाच्यासाठी माझा सल्ला असा आहे. चार महिन्यांतली वाढ, कडकपणा, रात्रीचे दुखणे, ७ सेंटिमीटरचा आकार आणि आजाराची पार्श्वभूमी हे सर्व एकत्र पाहता ही गाठ कर्करोगाची नाही हे सिद्ध होईपर्यंत ती संशयित मानावी. एमआरआयमध्ये डिफ्युजनची मालिका आणि कॉन्ट्रास्ट होता का ते आधी पाहा. नसेल तर पेटच्या आधी किंवा बरोबर तो भाग पूर्ण करून घ्या. त्यानंतर पेट स्कॅन, आणि मग सार्कोमाची शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाकडे बायोप्सीचा निर्णय, असा क्रम ठेवा. सार्कोमासाठी स्वतंत्र पथक असलेले, आपल्याला रेल्वेने जाता येण्याजोगे ठिकाण म्हणजे परळचे टाटा स्मारक रुग्णालय. तिथे जाताना सर्व स्कॅनच्या सीडी, मूळ अहवाल, रक्ततपासण्या, आधार कार्ड आणि शिधापत्रिका बरोबर ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळू शकते हे त्या त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला उपचार सुरू होण्यापूर्वी विचारा, कारण नंतर विचारल्यास मंजुरीत अडचण येते. त्याच्या आईवडिलांच्या आणि भावंडांच्या अंगावर असे डाग आहेत का हेही एकदा उजेडात पाहून घ्या. पुढे त्याला मुले झाली, तर प्रत्येक मुलाला हा आजार मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि हे त्याला लग्नाआधी कळायला हवे.

तारीख मिळेपर्यंत आठवड्यातून एकदा त्याच ठिकाणी मांडीचा घेर टेपने मोजून वहीत लिहून ठेवा आणि मांडीवर कोणतेही मालीश किंवा शेक करू नका. टाचेवर उभे राहताना पाऊल खाली पडू लागले, तळव्याला बधिरता आली, किंवा गाठ दोन-तीन आठवड्यांतच डोळ्यांना कळेल इतकी वाढली, तर पेट स्कॅनच्या तारखेची वाट पाहू नका. तीच कागदपत्रे घेऊन थेट त्या पथकाच्या बाह्यरुग्ण विभागात जा.